चिटणीसांच्या घरची सही

निरुपमाबाई चिटणीस यांचं बँकेतलं खातं सदतीस वर्षांचं जुनं होतं, आणि त्या खात्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एकदाही सही केलेली नव्हती. हे ऐकून कुणी म्हणेल, बाई अडाणी असतील. तर बाई दांडिया बाजारातल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवत होत्या, आणि शिकवत होत्या काय, तर मराठी आणि सुलेखन. चाळिशी ओलांडलेले जे कोणी बडोदेकर आज हाताने मराठी लिहितात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा 'क्ष' आणि 'ज्ञ' बाईंनी छडीला हात न लावता सरळ केलेला आहे.

घोटाळा झाला तो त्या सुंदर अक्षरापायीच. शाळेत नोकरी लागली, पगार बँकेत जमा होणार म्हणून खातं उघडायचं ठरलं. यजमान, म्हणजे रमाकांत चिटणीस, त्याच बँकेच्या रावपुरा शाखेत चेक पास करायच्या टेबलावर बसत. आलेल्या चेकवरची सही आणि पोलादी खणातल्या कार्डावरची सही शेजारी शेजारी धरायची, डोळे बारीक करून बघायचं, आणि जुळली तर लाल शाईने खूण करायची, हे त्यांचं काम. बाईंनी फॉर्मवर 'निरुपमा रमाकांत चिटणीस' असं शिरोरेघ ओढून, गोल गरगरीत लिहिलं. रमाकांतांनी कपाळाला हात लावला.

"अगं, ही सही आहे की वर्गातला सुविचार? तिसरीतलं पोर गिरवून काढेल ही. सही कशी हवी, वाचणाऱ्याला लागू नये आणि चोराला जमू नये."

मग त्यांनी स्वतःच एक सही बसवली. तिरपा इंग्रजी एन, त्याच्या शेपटातून निघालेला सी, मग एक उलटं वळण आणि खाली दोन ठिपके. दोन दिवस बाईंना शिकवून पाहिली. बाईंच्या हाताला ती काही बसेना. त्यांचा एन दर वेळी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरीसारखा ताठ यायचा. तिसऱ्या दिवशी रमाकांतांनी फॉर्म आणि कार्ड पुढ्यात ओढलं, स्वतःच सही ठोकली आणि म्हणाले, "जाऊ दे. तुला बँकेत यायचंच कशाला? मी आहे ना तिथे."

आणि ते होते. एक तारखेला पगार जमा व्हायचा, दोन तारखेला रमाकांत बाईंच्या नावाची स्लिप भरायचे, सही करायचे, आणि शेजारच्या टेबलावरचे गजेंद्र माने ती पास करता करता म्हणायचे, "आज वहिनींनी घाईत सही केलेली दिसते. स्वयंपाक राहिला होता वाटतं." सगळे हसायचे. आख्ख्या शाखेला ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चिटणीसांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, तेव्हा लेखणी त्यांच्याच घरची, असंही कोणी म्हणायचं. बाईंनाही वाटत नव्हतं. उलट शाळेतल्या इतर शिक्षिका पितळी टोकन हातात धरून तास तास बाकावर बसायच्या, तेव्हा बाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "आमच्याकडे बँक घरी येते."

आता लोक उसासे टाकतात, की जुनी बँक माणसाला ओळखायची. ओळखायची, खोटं कशाला बोला. पण ती चिटणीसांना ओळखायची. बाईंना ओळखण्याची पाळीच तिच्यावर कधी आली नाही, आणि बाईंनीही ती कधी येऊ दिली नाही.

पुढे पॅन कार्ड निघालं, त्यावर तीच सही. "सगळीकडे एकच हवी," रमाकांत म्हणाले, आणि त्यांनीच केली. निवृत्त झाल्यावर फंडाची जवळजवळ सगळी रक्कम त्यांनी बाईंच्या नावावर मुदत ठेवीत टाकली. टॅक्सचा काहीतरी हिशेब होता. मुलगी अस्मिता म्हणाली, बाबा, जॉइंट तरी करा. ते हसले. "दोन्ही खात्यांवर हात एकच, मग जॉइंट कशाला करायचं?"

दरम्यान बँक बदलत गेली. पितळी टोकनं गेली, कॅशियरचा पिंजरा गेला, पोलादी खणातली कार्डं कॉम्प्युटरच्या पोटात गेली. मग ती बँकच एका मोठ्या बँकेत विरघळली, पाटी बदलली, रंग बदलला, आणि जुन्यांपैकी कोणी तिथे उरलं नाही. सही मात्र चालू राहिली. रमाकांत घरी बसून चेक लिहायचे, ओळीने पास व्हायचे. व्हायचेच, कारण ज्या हाताने कार्डावर सही केली तोच हात चेकवर करत होता.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी रमाकांतांच्या हातातून चहाची बशी पडली. ती उचलायला ते वाकले ते वर आलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वीस दिवसांनी दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी अस्मिताला बाजूला घेऊन सांगितलं, पहिले तीन महिने महत्त्वाचे. वाघोडिया रोडला एक सेंटर आहे, तिथे सहा आठवडे ठेवून रोज चार तास व्यायाम घेतात. चालणं येईल, बोलणंही थोडंफार येईल, आणि नशीब असेल तर हातही येईल. पण आत्ता. नंतर नेलंत तर पैसे पाण्यात.

सेंटरचा खर्च पावणेदोन लाख. अस्मिता वाघोडियाच्या एका कारखान्यात कामाला; तिची शिल्लक आणि जावयाने काढलेलं कर्ज दवाखान्यातच संपलं होतं. तिने आईला विचारलं, "तुझ्या खात्यात आहेत ना गं?"

"आहेत की," निरुपमाबाई म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना ती सही आठवली.

आठ दिवस त्यांनी चेकबुकाला हात लावला नाही. मग सुरसागरच्या काठाने चालत, चेकबुक पदराखाली धरून त्या रावपुऱ्यात गेल्या. दारावरच्या शिपायाने यंत्रातून चिठ्ठी काढून दिली. "बा, बेसो. नंबर आवशे एटले बोलावीश." नंबर आला. काउंटरवर मनाली नावाची नाशिककडची मुलगी होती, मराठी ऐकून खूश झाली, काकू काकू करू लागली. बाईंनी तिच्यासमोर चेक ठेवून सही केली. ताठ एन. मनालीने पडद्याकडे पाहिलं, चेककडे पाहिलं.

"काकू, सही जुळत नाहीये."

"वय झालं बाळ. हात कापतो."

हात कापत नव्हता. बाईंच्या आयुष्यातलं बँकेतलं पहिलं वाक्य, आणि ते खोटं निघालं.

मनाली चांगली मुलगी होती, हे सांगितलंच पाहिजे. तिने वाटा शोधल्या. नवी सही नोंदवू, म्हणाली, फक्त सही असलेलं एखादं ओळखपत्र आणा. बाईंनी पॅन कार्ड काढलं. त्यावर तिरपा एन. मग तिने आधारच्या यंत्रावर बोट ठेवायला सांगितलं. अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल दिवा. दहाही बोटं झाली. एकतीस वर्षं खडू धरला, डस्टर धरलं, घरी भांडी घासली. बोटांवरच्या रेषा जायच्या तिथे गेल्या होत्या. आधार केंद्रावर बोटं नव्याने द्या, पण त्याला महिना-दीड महिना लागतो, मनाली म्हणाली, आणि लागतीलच याचीही खात्री नाही.

बाईंना घरी येता येता शाळेचं मस्टर आठवलं. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्या मस्टरवर सही करायच्या, स्वतःची, स्वतःच्या अक्षरात, एकतीस वर्षं. तीच तर त्यांची खरी सही. पण पटसंख्या घसरत घसरत शाळा तीन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. अस्मिता सुट्टी काढून ट्रस्टच्या ऑफिसात गेली. तिथला माणूस म्हणाला, "जूना चोपडा? ए तो पस्तीमां गया, बेन." रद्दीत, किलोच्या भावाने.

"आई, सरळ खरं सांगून टाकू," अस्मिता म्हणाली. "बाबा सही करायचे म्हणून. त्यात लपवायचं काय आहे?"

तेवढ्यासाठी बाई गजेंद्र मान्यांकडे गेल्या. ज्याने तीस वर्षं ती सही पास केली त्याच्याइतका साक्षीदार दुसरा कोण? गजेंद्रभाऊंनी चहा मागवला, रमाकांतांची चौकशी केली, डोळेही पुसले. मग बाईंचं म्हणणं ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, हे माझ्याजवळ बोललात ते बोललात. बाहेर नका बोलू. तेव्हा ती गंमत होती. आज तिला फोर्जरी म्हणतात."

"नवऱ्याने बायकोची सही केली, तिला?"

"पास करणाऱ्या माणसाने केली, वहिनी. स्वतःच्या टेबलावर. उद्या कोणी फायली उघडल्या तर रमाकांतचं पेन्शन थांबेल. आणि..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "माझंही थांबेल. मला प्रॉस्टेटचं ऑपरेशन सांगितलंय. मला यात ओढू नका, मी हात जोडतो."

थांबलं असतं की नसतं, देव जाणे. बाईंना ते कळण्याचा मार्ग नव्हता. बँकेतली कुठलीच गोष्ट कळण्याचा मार्ग त्यांनी कधी ठेवला नव्हता. गजेंद्रभाऊंनी खरोखर हात जोडले, आणि बाई चहा न पिता उठल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. खरं बोलावं तर नवरा गुन्हेगार, खोटं बोलावं तर आपणच खोट्या.

नवरात्र सुरू झालं. डॉक्टरांच्या तीन महिन्यांतला एक गेला होता. गल्लीत संध्याकाळी गरब्याचे कर्णे बांधले जात, आणि दुपारी बाई रमाकांतांच्या खाटेशेजारी पाट मांडून, चौरेघी वही घेऊन ती सही गिरवत बसत. समोर पॅन कार्ड. तिरपा एन, शेपटातला सी, उलटं वळण, दोन ठिपके. पानंच्या पानं. एका दुपारी त्यांनी वही रमाकांतांसमोर धरली आणि विचारलं, "अहो, बघा तरी. कुठे चुकतंय?"

रमाकांतांनी वहीकडे पाहिलं. त्यांना सगळं समजत होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. त्यांचे डोळे पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले, तिसरीवर गेले, टेबलावर बसून जायचे तसेच बारीक होऊन. मग डावा हात उठला, वहीवर आपटला, आणि तोंडातून गुरासारखा आवाज आला. बाईंना आधी वाटलं, ते रागावले. मग पाहिलं तर ते रडत होते. बाईंना त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी इतका संताप आला की त्यांचं त्यांनाच भय वाटलं. दोन दिवस. दोनच दिवस शिकवलीत मला. मी चौथीतल्या मुलाला एक 'झ' यावा म्हणून महिना महिना बसत होते, आणि तुम्ही दोन दिवसांत कंटाळलात. हे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी त्यांचं तोंड पुसलं, औषध दिलं आणि वही पुन्हा मांडीवर घेतली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा रावपुरा. या खेपेला एन तिरपा आला, पण वळण अडखळलं. मनालीने मान हलवली. चार दिवसांनी तिसऱ्यांदा. बाईंना वाटलं होतं, आता जमलंच. घरी पन्नासातल्या चाळीस सह्या हुबेहूब येत होत्या. पण काउंटरच्या काचेपलीकडून कुणी बघत असलं की त्यांचा हात आपोआप शहाणा व्हायचा, अक्षर नीट काढू लागायचा. आणि सही नीट काढली की ती संपलीच. मनाली चेक घेऊन आत मॅनेजरकडे गेली, बराच वेळ आली नाही. आली ती खाली मान घालून.

"काकू, तीन वेळा तीन वेगवेगळ्या सह्या झाल्या. साहेबांनी खातं थांबवलंय. आता त्यातून काहीच निघणार नाही, चौकशी होईपर्यंत." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "काकू, खरं सांगा. कोणी जबरदस्ती करतंय का तुमच्यावर?" आणि तिने बाकावर बसलेल्या अस्मिताकडे पाहिलं.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. घराशी रिक्षातून उतरताना अस्मिता म्हणाली, "बाबांची चूक लपवायची म्हणून मी चोर ठरले, आई. ठीक आहे." आणि दोन दिवस तिचा फोन आला नाही.

त्याच आठवड्यात गंमत बघा कशी झाली. रमाकांतांचं पेन्शन त्यांच्या खात्यात अडकलं होतं. एटीएम कार्डाचा नंबर त्यांच्या डोक्यात आणि डोकं बंद. अस्मिताने पूर्वीच अर्ज केला होता. तर तिसऱ्या दिवशी बँकेची दोन माणसं घरी आली, खाटेजवळ बसली, रमाकांतांचा डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला, फोटो काढला, आणि काम झालं. लुळ्या माणसाला नियम होता. दोन धडधाकट हात असलेल्या बाईला नव्हता. पेन्शनमधून औषधं निघाली, दूध निघालं, रात्रीच्या आयाचे पैसे निघाले. सेंटर निघण्याइतकं ते नव्हतं.

घरी येणारा साधा मालिशवाला दिवसाआड अर्धा तास यायचा. रमाकांतांची उजवी बोटं आत वळायला लागली. बाई रोज ती एकेक करून सरळ करायच्या, आणि सोडली की ती पुन्हा मिटायची. त्या बोटांत त्यांचे सगळे पैसे होते. पैसे मिळाले तर ती बोटं उघडतील, आणि ती बोटं उघडली तर पैसे मिळतील. बाई हे इतक्यांदा मनात घोळवायच्या की पुढे पुढे त्यांना त्यातलं काहीच टोचेनासं झालं. नुसतं थकायला होई.

दिवाळी आली. गुजरातेत दिवाळी म्हणजे लाभपाचमीपर्यंत सगळ्यालाच कुलूप. बँक उघडी असली तरी माणसं गावाला. लाभपाचम झाली आणि मनालीचा फोन आला. ती स्वतःच्या घरी नाशिकला गेली होती, तिथून तिने कुणा वरिष्ठाला विचारून घेतलं होतं. चौकशी मिटवायला एक रस्ता आहे. काकूंना सही करता येत नाही असं लिहून द्यायचं. मग खातं अंगठ्याचं होईल. चेकबुक नाही, कार्ड नाही, दर वेळी स्वतः यायचं आणि दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवायचा.

"यंत्रावर उठत नाही ना गं माझा अंगठा," बाई म्हणाल्या.

"शाईचा चालतो, काकू. तो कोणी तपासत नाही, तो फक्त लावायचा असतो."

बाईंनी अर्ज लिहिला. टेबल पुसून, पाठ ताठ ठेवून, शाईच्या पेनाने. माननीय शाखाधिकारी यांस. वयोमानानुसार मला सही करता येत नाही, तरी माझा डाव्या हाताचा अंगठा ग्राह्य धरावा, ही विनंती. समास सोडलेला, अनुस्वार जागच्या जागी, एक खाडाखोड नाही. मनालीने तो वाचला. वाचताना तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बाईंना वाटलं, अक्षर आवडलं पोरीला.

"काकू, हा तुम्ही लिहिलात?"

"हो."

"हा नाही घेता येणार." ती ओशाळली होती. "ज्यांना सही येत नाही त्यांनी अर्ज असा कसा लिहिला, असं ऑडिटवाले विचारतील. ताईंना लिहू दे. इंग्रजीत चालेल. आणि हा... हा फाडून टाका."

अस्मिताने इंग्रजीत चार ओळी खरडल्या. खाली तिने छापील अक्षरांत आईचं नाव लिहिलं, त्यापुढे कंस केला. मनालीने पॅड पुढे सरकवलं. बाईंनी अंगठा नेमका कसा धरायचा ते विचारलं. शिपायाने येऊन तो धरला, "ढीलो मूको, बा, ढीलो," म्हणत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला आणि उचलला. चार कागदांवर चार वेळा. बाजूच्या काउंटरवर पासबुक छापायला आलेला एक मध्यमवयीन माणूस वळून वळून बघत होता. त्याने बहुधा ओळखलं. बाईंचा विद्यार्थी असावा. तो पुढे आला नाही. पासबुक घेऊन, नजर न देता निघून गेला, आणि बाईंनी मनातल्या मनात त्याचे उपकार मानले.

"झालं काकू," मनाली म्हणाली. "आता एक लक्षात ठेवा, इथून पुढे बँकेच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. चुकूनही नाही. केलीत तर पुन्हा सगळं थांबेल."

"नाही करणार," बाई म्हणाल्या.

कागद वडोदऱ्याहून कुठेतरी गेले, कुठूनतरी आले. ठेव मोडली गेली. पैसे हातात पडले तेव्हा तीन महिने उलटून दहा दिवस झाले होते. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा तरी झाला म्हणून अस्मिताने रिक्षा सांगितली, दोघींनी मिळून रमाकांतांना बसवलं, आणि वाघोडिया रोडचं सेंटर गाठलं.

तिथली व्यायाम घेणारी बाई तरणी, चपळ, गुजराती होती. तिने रमाकांतांचा पाय वाकवून पाहिला, खांदा फिरवला. उजवा हात घेतला आणि मिटलेली बोटं उघडू लागली. रमाकांत ओरडले. तिने हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि नेमके शब्द निवडत अस्मिताला हिंदीत सांगितलं की पाय चालवू, थोडं बोलवूही, वेळ लागेल. हाताचं आता काही सांगता येणार नाही. दोन महिने आधी आला असतात तर वेगळी गोष्ट होती. लोक फार उशिरा येतात, ती म्हणाली, पैशाची सोय असूनही घरीच मालिश करत बसतात.

बाई रमाकांतांकडे बघत होत्या. त्यांना हिंदी उत्तम समजत होतं.

मग त्या मुलीने एक छापील कागद काढला. रुग्णाला भरती करून घ्यायला घरच्यांची संमती आहे, असा. नाव वगैरे तिने भरलं, रुग्णाशी नातं काय ते विचारून 'पत्नी' लिहिलं, आणि कागद फिरवून पेन बाईंच्या हातात दिलं. "बा, अहियां सही करी आपो."

बाईंनी पेन धरलं. चांगलं पेन होतं, बारीक टोकाचं. कागदावर रिकामी रेघ होती, पुरेशी लांब. 'निरुपमा रमाकांत चिटणीस' तिच्यावर सहज बसलं असतं. हा कागद काही बँकेचा नव्हता. इथे जुळवून बघायला कोणी बसलं नव्हतं, काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. हे सगळं बाईंना कळत होतं. तरी हात पुढे जाईना. कुठली करायची? आपली, की ह्यांची? आणि चुकली तर? पुन्हा कुठे काय थांबेल? पेनाचं टोक रेघेच्या वर तसंच धरून त्या बसून राहिल्या, इतका वेळ की त्या मुलीने वर पाहिलं.

"सही करतां आवडे छे ने, बा?" सही येते ना, असं ती विचारत होती.

"आई," अस्मिता म्हणाली, "आई, कर ना."

निरुपमाबाईंनी पेन टेबलावर ठेवलं, टोपण लावून.

"ना, बेन," त्या म्हणाल्या. "मने नथी आवडती. शाईचं पॅड असेल तर द्या."

पॅड होतं. मुलीने ते आणलं, बाईंचा अंगठा आपल्या हातात घेतला आणि जवळ ओढला. पण तिला तो फिरवावा लागला नाही. बाईंनीच तो सैल सोडला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट, डाग न पाडता, रेघेच्या बरोबर मध्यावर उठवला. अस्मिताने तोंड फिरवून घेतलं. रमाकांत मात्र डोळे बारीक करून त्या निळ्या ठशाकडे बघत राहिले.